हात लावू नकोस, बाद होईन!

लग्न होऊन मी गिरगावात आले त्याच आठवड्यात अप्पांनी मला रौप्यपदक दिलं. मी केलेली सोलकढी सासूबाईंनी शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे पाठवली होती. अप्पा वाटी घेऊन आमच्या दारात आले, डोळे मिटून शेवटचा घोट घेतला आणि साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, रौप्य!" मला काही उलगडेना. सासूबाई पदराआड हसत म्हणाल्या, "दुसरा नंबर दिला त्यांनी तुला." मी लालबागला वाढलेली, मालवणी आईच्या हाताखाली नारळ खवायला शिकलेली. माझ्या सोलकढीला दुसरा नंबर? मग पहिला कोणाचा, त्या गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या, सोलात चिंच घालणाऱ्या बाईचा? मी त्या दिवशी अप्पांवर राग धरला आणि तो चांगली काही वर्षं पुरवून वापरला.

पुढे कळलं की अप्पा सगळ्यांनाच पदकं वाटतात. माईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, माशांच्या भुजण्याला सुवर्ण होतं आणि ते कायमचं होतं, कारण अप्पांना त्याच घरात जेवायचं होतं. नळावरच्या भांडणाला ते क्वचितच ब्राँझच्या वर जाऊ देत. "आवाज आहे, पण दम नाही," म्हणत. वाडीत मूल जन्मलं की लोक मुलगा की मुलगी विचारायचे, अप्पा वजन विचारायचे. "सहा पौंड? फ्लायवेट!" असं मुष्टियुद्धाच्या भाषेत म्हणून पाळण्यात डोकावायचे. बाळाच्या आजीला वाटायचं की हा काहीतरी आशीर्वादच आहे, आणि ती हात जोडायची.

आमची बकुळीची वाडी एकेकाळी अप्पांच्या आजोबांच्या मालकीची होती. जुनं मुंबईकर घराणं. आजोबांनी ती वाडी शर्यतीच्या घोड्यांवर घालवली आणि नातू त्याच वाडीत दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून राहिला. याचं अप्पांना काडीचं दुःख नव्हतं. "एवढ्या थोड्या वेळात एवढी मोठी वाडी घालवणं, हा विक्रम आमच्या घराण्यात अजून अबाधित आहे," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत. स्वतः एका बोटकंपनीच्या कचेरीत कारकून. अंगानं भरलेले, धोतर पोटाच्या खाली की वर नेसावं या पेचात कायम. ऑलिंपिकचा सारा इतिहास ज्याच्या जिभेवर, तो माणूस आयुष्यात कधी धावताना कोणी पाहिला नव्हता. कुत्रं अंगावर आलं तरी अप्पा उभे राहून त्याला समजावत.

आमच्या वाडीत कीर्तनं दोन होती. चातुर्मासात बुवांचं आणि बारा महिने अप्पांचं. बुवा हरिश्चंद्र लावायचे, अप्पा मॅरेथॉन लावायचे. अथेन्स, पॅरिस, लंडन, स्टॉकहोम ही नावं ते अशी घ्यायचे, जशी माझी आई कणकवली नि सावंतवाडी घ्यायची. कोण किती उंच उडाला, कोणाचा विक्रम कोणी मोडला, कोण बूट फाटल्यावर अनवाणी धावला, सगळं तोंडपाठ. माईंनी एकदा त्यांना बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली, तर ते रिकाम्या हातानं परत आले. पण वाटेत भेटलेल्या भाजीवाल्याला बर्लिनच्या हॉकीच्या अंतिम सामन्यातले सगळे गोल सांगून आले होते.

या कीर्तनाचा नेमाचा श्रोता एकच, शांतिभाई. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे, कापडबाजारात दलाली करायचे. किडकिडीत, काळी टोपी, बोलणं हळू. अप्पा आणि ते याच वाडीत एकत्र वाढलेले, एकाच शाळेत मार खाल्लेले. आमच्या वाडीतला पहिला रेडिओ शांतिभाईंचा. लाकडी पेटीचा, देव्हाऱ्याएवढा. त्याच्यापुढे दोन खुर्च्या कायम मांडलेल्या. रेडिओ शांतिभाईंचा आणि कान अप्पांचे, असा व्यवहार होता. परदेशी स्टेशन खरखरायला लागलं की शांतिभाई हळूहळू खुंटी पिरगळायचे आणि अप्पा डोळे मिटून "जरा इकडे... गेलं... हां, आलं" असं करायचे. कुठल्याही देशाचं राष्ट्रगीत लागलं की अप्पा ताडकन उठून उभे. जिंकलेल्याचा मान, म्हणायचे. गीत कोणत्या देशाचं हे त्यांना दर वेळी कळायचंच असं नाही. एकदा ते टूथपेस्टच्या जाहिरातीलाही उभे राहिले होते, आणि शांतिभाई बिचारे सोबत म्हणून उभे राहिले होते.

अप्पांचं सगळ्यांत आवडतं आख्यान लंडनच्या मॅरेथॉनचं. सगळ्यांच्या पुढे असलेला धावपटू स्टेडियममध्ये शिरतो, भोवळ येऊन पडतो, उठतो, पुन्हा पडतो. शेवटी पंचांना राहवत नाही, ते त्याला हात देऊन ओढून नेतात आणि रेषा पार करवतात. आणि हात लावला म्हणूनच तो बाद होतो! हे वाक्य अप्पा दोनदा म्हणायचे. एका संध्याकाळी रंगात येऊन त्यांनी ते गॅलरीत करूनच दाखवलं. पडायचा अभिनय करताना माईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर खरंच पाय घसरून पडले. शांतिभाई घाबरून उचलायला धावले, तसे अप्पा आडव्या अंगानं ओरडले, "हात लावू नकोस, शांत्या! बाद होईन!" आणि कठडा धरून, धापा टाकत, आपले आपण उठले. कमरेला महिनाभर लेप होता. पण तेव्हापासून ते वाडीत म्हणीसारखं झालं. एखादी बाई जड हंडा उचलत असली नि दुसरं कोणी मदतीला आलं की ती म्हणायची, "हात लावू नकोस, बाद होईन!"

गणपतीत वाडीच्या अंगणात स्पर्धा व्हायच्या. त्यांना साऱ्या गिरगावात 'बकुळीचं ऑलिंपिक' म्हणत. इतर ठिकाणी लिंबू-चमचा झाला की पेन्सिली वाटून मोकळे होत. आमच्याकडे आधी संचलन. मजल्यांचे देश केलेले, प्रत्येक मजल्याचा झेंडा वेगळा. तळमजल्याचा झेंडा म्हणजे एक पंचा होता. अप्पा पंच आणि शांतिभाई वेळाधिकारी, कारण सेकंदकाटा असलेलं खिशातलं घड्याळ त्यांच्याकडेच होतं. धावायच्या शर्यतीआधी अप्पा हातरुमाल उंच धरून वारा बघायचे. चौपाटीकडून वारा असला की पोरं कितीही जिवाच्या आकांतानं धावली तरी अप्पा मान हलवायचे. "वारा पाठीशी होता. नंबर देतो, विक्रम धरता येणार नाही." पोरं चिडायची, पण अप्पांपुढे कोणाचं काही चालायचं नाही.

शेवटी तीन पायांची शर्यत. तिच्यात मात्र पंच आणि वेळाधिकारी स्वतः उतरायचे. माईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी काढून अप्पांचा डावा आणि शांतिभाईंचा उजवा पाय बांधला जायचा. एक जाडा, एक काडी. एकाची टांग पुढे गेली की दुसऱ्याची टोपी मागे पडायची. चार जोड्या असायच्या आणि हे दोघे चौथे यायचे. अप्पा दर वर्षी छाती फुगवून सांगत, "पहिल्या तिघांना उभं राहायला पायऱ्या असतात. चौथा जमिनीवर उभा राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो. अरे, कोणीतरी वाजवायला नको?"

आता ते दिवस कसे होते हे सांगायला हवं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं डोक्यात शिरलं नाही असं घर तेव्हा मिळालं नसतं. गोळीबारात माणसं गेली होती. माझ्या माहेरच्या चाळीतलाही एक तरुण गेला. तो आमच्या दारावरून रोज शीळ घालत जायचा. आई म्हणायची, "गे बाय, आता जिन्यार शीळ ऐकूक येणा नाय." पुढे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळालाच नाही, मिळालं ते गुजराती-मराठी एकत्र बांधलेलं द्वैभाषिक राज्य. वाडी धुमसत होती. अप्पाही सभांना जायचे, "झालाच पाहिजे" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि परत येऊन शांतिभाईंकडे गूळ-पाणी प्यायचे. यात काही विसंगत आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. वाडीतल्या काहींना मात्र वाटायला लागलं होतं.

अशात मेलबर्नचं ऑलिंपिक आलं. सकाळची वेळ. पुरुषमंडळी आंघोळीच्या रांगेत, बायका डब्यांच्या घाईत. शांतिभाईंच्या खोलीत रेडिओ खरखरत होता. एकाएकी अप्पा समोरच्या गॅलरीत आले, दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "झाली रे झाली! संयुक्त झाली! एका झेंड्याखाली झाली!"

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.  आधी कोणीतरी थाळी बडवली. आमच्या शेजारच्या खोलीतला दिनू साटम, समितीचा कार्यकर्ता, अंगाला साबण लावलेला तसाच टॉवेल गुंडाळून अंगणात आला आणि घोषणा देऊ लागला. ढोल निघाला. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं परातभर पेढे आणून दिले. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर आवाज चढवला नव्हता, त्या मला मिठी मारून रडल्या. मीही रडले. मला त्या शीळ घालणाऱ्याची आठवण झाली होती. मिरवणूक वाडीतून निघून पार नाक्यापर्यंत गेली, शेजारच्या दोन वाड्या तिला मिळाल्या. अप्पा सगळ्यांच्या खांद्यावर. त्यांना वाटलं, गिरगावात ऑलिंपिकची खरी आवड आता कुठे निर्माण झाली!

नाक्यावर आमच्या वाडीचे लेले मास्तर वर्तमानपत्र घेऊन समोरून आले. "कशाचे पेढे?" त्यांनी विचारलं. "संयुक्त महाराष्ट्र झाला!" लोक म्हणाले. "पेपरात तर काही नाही. कोण म्हणालं?" सगळ्यांनी वर बघितलं. अप्पा खांद्यावरून म्हणाले, "महाराष्ट्र? छे, छे! जर्मनी! पूर्व आणि पश्चिम जर्मनीचा एकच संयुक्त संघ आलाय मेलबर्नला! एका झेंड्याखाली चालले!"

ढोल थांबला. मास्तर शांतपणे म्हणाले, "अरे गाढवांनो, ते 'झाली' म्हणाले तेव्हाच ओळखायला हवं होतं. महाराष्ट्र पुल्लिंगी आहे." त्यावर दिनू चिडून म्हणाला, "मास्तर, मुंबई स्त्रीलिंगी आहे ना? आम्हाला वाटलं, मुंबई आपली झाली!" 

तेवढ्यात पोलीस आले. जमावबंदीचे दिवस. जमाव असा काही पांगला की ज्याच्या खांद्यावर अप्पा होते तोही पळाला आणि अप्पा रस्त्यावर बसते झाले. अफवा पसरवली म्हणून त्यांना चौकीवर नेलं. तिथला संवाद अप्पा पुढे नाट्यप्रयोगासारखा करून दाखवायचे. फौजदारानं विचारलं, "आधीचं काही रेकॉर्ड आहे का?" अप्पांनी निरागसपणे विचारलं, "कशातलं? धावणं, उडी की फेक?" फौजदार म्हणाला, "फेकीतलं तर दिसतंच आहे."

त्यांना सोडवायला वाडीतून कोण गेलं? पेढे खाऊन सगळे दारं लावून बसले होते. आमचे हे जायला निघाले तर सासूबाईंनी सदरा लपवून ठेवला. गेले ते शांतिभाई. हातात इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन, ज्या माणसानं कधी पोलिसाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, तो चौकीची पायरी चढला. "साहेब, आमचा अप्पा बोलला ते जर्मनीचा बोलला. महाराष्ट्राचा तो पण बोलते, रोज बोलते, पण आज सकाळी नाय बोलला. देवाची आण." फौजदारानं बातमी वाचली आणि इतका हसला की शेवटी दोघांना चहा पाजून पाठवलं. जामीन शांतिभाईंचा. परत येताना दोघं वाडीच्या तोंडाशी पोचले तेव्हा अप्पा थांबले. मग सगळ्या बंद दारांकडे बघत त्यांनी एवढंच म्हटलं, "शांत्या, यातलं सुवर्ण तुझं."

एवढं झाल्यावर वाडीनं शांतिभाईंना डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण माणसाला लाज वाटली की तो ज्याच्यापुढे लाज वाटते त्याच्यावरच चिडतो. पुढच्या गणपतीत स्पर्धांची सभा बसली आणि दिनूनं ठराव मांडला, "तीन पायांची शर्यत यंदा बंद. दोघांना जबरदस्तीनं एकत्र बांधून पळवायचं म्हणजे द्वैभाषिकच! आपण त्याचा निषेध करतो." टाळ्या पडल्या. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. पण बांधला जाणारा गुजराती पाय वाडीत एकच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शांतिभाईंचा निरोप आला, "माझा घड्याळ बिघडला आहे, या वर्षी मला माफ करा." घड्याळ बिघडलेलं नव्हतं. त्याची टिकटिक मी त्यांच्या दारावरून जाताना ऐकली होती.

अप्पांना मी रागावलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं. पदकं नाहीत, आख्यान नाही. जेवणात लक्ष नाही. माई मला म्हणाल्या, "शांतिभाई तुटले ना, तर हा माणूस रेडिओवाचून नाही, बोलण्यावाचून मरेल." संध्याकाळी अप्पा दिनूकडे गेले. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. "दिनू, मीही समितीला मत दिलंय. मुंबई घेतल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. द्वैभाषिक मोड रे, खुशाल मोड. पण हे दोन म्हातारे मोडून तुला काय मिळणार?"  दिनू वाईट मुलगा नव्हता, गरम डोक्याचा होता.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्या शर्यती झाल्या. बक्षिसं वाटायची वेळ आली तेव्हा अप्पा उठले, समोरच्या इमारतीचा जिना चढले आणि थोड्या वेळानं शांतिभाईंना घेऊन खाली आले. दोघांचे पाय बांधलेले! वरूनच बांधून आले होते. जिना तीन पायांनी उतरायला किती त्रास पडला असेल ते देव जाणे. शांतिभाई शरमेनं लाल. अप्पांनी जाहीर केलं, "ही शर्यत नाही. निषेधसुद्धा नाही. आमचं रोजचं चालणं आहे. ज्याला बघवत नसेल त्यानं आत जावं."

कोणी आत गेलं नाही. दोघं निघाले आणि अर्ध्या अंगणात टोपी सांभाळायच्या नादात दोघंही धाडकन आपटले. चार-पाच जण धावले. सगळ्यांत पुढे दिनू. तसे दोघंही एकदम ओरडले, "हात लावू नकोस! बाद होऊ!" दिनू जागच्या जागी थांबला. मग सारी वाडी खाली मांडी घालून बसली आणि ते दोघं एकमेकांना धरून, शिव्या देत, हसत, गुडघ्यांवर रांगत रेषेपर्यंत गेले. त्या टाळ्या माझ्या कानात अजून आहेत. लेले मास्तर म्हणाले, "एकच जोडी. म्हणजे पहिला नंबर!" अप्पा धोतर झाडत म्हणाले, "मुळीच नाही. चौथा. आम्ही आमची जागा सोडत नसतो." पुढच्या वर्षी तीन पायांची शर्यत पुन्हा सुरू झाली. ठराव मांडला दिनूनंच. निषेध कशाचा मागे घेतला, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

आणि मग एके दिवशी खरोखरच महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. गिरगावात घराघरावर दिवे. लेले मास्तर दारोदार सांगत फिरत होते, "या वेळी लिंग बरोबर आहे!" वाडीत पेढे वाटले शांतिभाईंनी. परात घेऊन मजल्यामजल्यावर स्वतः गेले. दिनूनं त्यांना वाकून नमस्कार केला. अप्पा त्या दिवशी चक्क नाचले. इतकी वर्षं ज्याला कुत्रंसुद्धा पळवू शकलं नाही, तो माणूस लेझीम घेऊन नाचला.

पण त्याच उन्हाळ्यात शांतिभाईंच्या मुलांनी धंदा अहमदाबादला हलवायचं ठरवलं. कोणी हाकललं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. मुलं मोठी झाली, गुजरातचं वेगळं राज्य झालं, तिकडे संधी दिसली. शांतिभाई एकटे मागे राहून काय करणार? सामान बांधलं, रेडिओ गोधडीत गुंडाळला. टॅक्सी वाडीच्या तोंडाशी उभी. अप्पांनी हात पुढे केला नाही, मिठी मारली नाही. नुसते म्हणाले, "मुंबई मिळाली आणि मुंबईकर चालला. काय जिंकलो मग?" शांतिभाई म्हणाले, "अप्पा, तू पण ना! दोन राज्य झाले, दोन अप्पा थोडाच झाले?" टॅक्सी वळल्यावर अप्पांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या नंबरवाल्यासारख्या, एकट्यानं. मला तेव्हा ते बघवलं नाही.

रोमचं ऑलिंपिक आलं तेव्हा अप्पांना रेडिओसाठी इराण्याच्या हॉटेलात जावं लागे. विसर्जन नुकतंच आटोपलं होतं. चारशे मीटरमध्ये आपला धावपटू पदकाच्या तोंडाशी जाऊन चौथा आला, ही बातमी लागली तेव्हा आमचे हे त्यांच्याबरोबर होते. सगळं हॉटेल हळहळलं. अप्पांनी मात्र शेजारच्या खुर्चीकडे मान वळवून म्हटलं, "शांत्या, आपला नंबर!" शेजारच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि आम्ही दोघंही त्या संध्याकाळी नीट जेवलो नाही.

टोकियोच्या वेळी अप्पा अंथरुणाला खिळले होते. हृदय दमलं होतं. "आयुष्यभर न धावता एवढं कसं दमलं?" असं तेच डॉक्टरांना विचारत. त्यांना जेवण जात नव्हतं म्हणून मी वाटीभर सोलकढी नेली. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "रौप्य." आता मात्र माझा संयम सुटला. "अप्पा, इतकी वर्षं झाली, अजून दुसराच नंबर?" अप्पांना हसू फुटलं. "अगं वेडे, अथेन्सला, पहिल्या ऑलिंपिकात, पहिल्या आलेल्याला चांदीचंच पदक दिलं होतं. सोन्याची थेरं नंतरची. मी जुन्या वळणाचा माणूस." मी वाटी घेऊन बाहेर आले आणि गॅलरीत उभी राहून हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. माईंच्या भुजण्याला सोनं आणि मला चांदी, हे भांडण मी मनातल्या मनात जिंकलं होतं. माईंना मी ते कधीच कळू दिलं नाही.

माईंनी अहमदाबादला कळवलं होतं. हॉकीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी शांतिभाई आले. गोधडीत गुंडाळलेला तोच लाकडी रेडिओ मांडीवर घेऊन आख्खा प्रवास केलेला. "तिकडे एकट्यानं लागत नाय," एवढंच म्हणाले. खुंटी पिरगळायला त्यांनी सुरुवात केली आणि गादीवरून आवाज आला, "जरा इकडे... गेलं... हां, आलं." रोमला गमावलेलं सुवर्ण आपण परत जिंकलं. खोलीत आम्ही सगळे ओरडलो, दिनू तर दारात उभा राहून ढोल असल्यासारखं दार बडवत होता.

मग रेडिओवर जनगणमन लागलं. अप्पा उठायला लागले. माई म्हणाल्या, "अहो, पडून राहा, देवाला कळतं." अप्पा ऐकेनात. कोपरावर आले, पुढे काही जमेना. शांतिभाईंनी पटकन हात पुढे केला आणि जुन्या सवयीनं अर्ध्यातच मागे घेतला.

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. "लाव," ते म्हणाले. "लाव हात, शांत्या. आता बाद झालो तरी चालेल."

शांतिभाईंनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. जाडा आता जाडा राहिला नव्हता, दोघंही सारखेच काडी झाले होते. पायाला पाय लावून, एकमेकांच्या आधारानं, ते जनगणमन संपेपर्यंत उभे राहिले. रेडिओवरचं गीत संपलं, खरखर सुरू झाली, तरी दोघांपैकी कोणी खाली बसेना.